१ ऑगस्टचा रकाना : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

जुलैच्या अंकातील ‘दिनविशेष’ या पानावर १ ऑगस्टच्या रकान्यात आम्ही अकरा नोंदी दिल्या होत्या. त्या कालक्रमाने अशा होत्या : स्वित्झर्लंडच्या संघराज्याची सनद (१२९१), इंग्लंडची राणी ॲन हिचा मृत्यू (१७१४), प्रीस्टलीचा प्राणवायूचा प्रयोग (१७७४), ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरीच्या बंदीचा अंमल (१८३४), भगवानदादांचा जन्म (१९१३), जर्मनीने रशियाविरुद्ध पुकारलेले युद्ध (१९१४), लोकमान्य टिळकांचे निधन, असहकाराच्या चळवळीचा आरंभ आणि अण्णा भाऊ साठे यांचा जन्म (तिन्ही १९२०), मीनाकुमारीचा जन्म (१९३३) आणि बर्लिन ऑलिंपिकचे उद्घाटन (१९३६). एका तारखेवर इतकी पत्रे यापूर्वी कधी आली नव्हती. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी त्यांच्या वस्तीचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (गिरगाव) : लोकमान्य टिळक ‘३१ जुलैच्या रात्री गेले’ असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी नेहमी सांगत. माझे आजोबा त्या काळी क्रॉफर्ड मार्केटजवळ नोकरीला होते आणि टिळक जेथे उतरले होते त्या सरदारगृहाबाहेर जमलेली गर्दी त्यांनी स्वतः पाहिली होती. मग आपण, आणि सगळेच, १ ऑगस्ट ही तारीख कशी देता?

उत्तर : आपल्या आजोबांचे म्हणणे खरे आहे आणि १ ऑगस्ट ही तारीखही खरी आहे. दोन्ही विधाने एकाच प्रसंगाची आहेत. फरक आहे तो दिवस कोठे सुरू होतो असे मानायचे, एवढाच. सरदारगृहात टिळकांनी शेवटचा श्वास घेतला तेव्हा मध्यरात्र उलटून सुमारे पाऊण तास झाला होता. इंग्रजी गणनेत मध्यरात्रीच्या ठोक्याला तारीख बदलते, त्यामुळे ती १ ऑगस्ट १९२०, रविवारची पहाटपूर्व वेळ ठरते. आपल्या पंचांगात मात्र वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून सूर्य उगवेपर्यंत तो शनिवारच होता. बाहेर पावसात ताटकळत उभ्या असलेल्या माणसांच्या लेखी ती शनिवारची, म्हणजे ३१ जुलैचीच रात्र होती, आणि आजही रात्री एक वाजता घरी परतलेला मनुष्य ‘काल रात्री उशीर झाला’ असेच म्हणतो.

यात मुंबईपुरता आणखी एक गुंता आहे, आणि आमच्या मते तो या प्रश्नातील सर्वांत रंजक भाग आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, परंतु मुंबई शहराने ती मनापासून स्वीकारली नाही. शहराची स्वतःची ‘मुंबई वेळ’ होती. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि नगरपालिकेच्या कारभारात ती थेट १९५५ पर्यंत टिकून राहिली. १९२० साली या शहरात रेल्वेचे घड्याळ एक वेळ दाखवीत असे आणि नगरपालिकेचे दुसरी. आता टिळकांच्या निधनाची वेळ प्रमाणवेळेची मानली, तर मुंबईच्या स्थानिक घड्याळात तेव्हा बाराचे ठोके नुकतेच पडून गेले होते. उलट ती स्थानिक वेळ मानली, तर प्रमाणवेळेने सव्वा वाजून गेला होता. दोन्ही घड्याळांनी तारीख १ ऑगस्टच येते, पण पहिल्या हिशेबात ती अगदी थोडक्यात आलेली आहे. प्राण आणखी काही मिनिटे आधी गेले असते, तर एकाच मृत्यूला रेल्वेच्या घड्याळाने १ ऑगस्ट आणि नगरपालिकेच्या घड्याळाने ३१ जुलै अशा दोन तारखा मिळाल्या असत्या.

हा वाद ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो फार आवडला असता, असे आम्हांला वाटते. कालगणना हा टिळकांच्या व्यासंगाचा विषय होता. ग्रहगणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या नावाचे पंचांग आजही निघते. कोकणातील काही घरे ते पाळतात, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक मास कोणता यावर मतभेद झाला की शेजारच्या दोन घरांत गणपती वेगवेगळ्या महिन्यांत बसतात. शिवाय ‘पुण्यतिथी’ या शब्दात तिथी असली, तरी टिळकांची पुण्यतिथी आपण तारखेनेच पाळतो, आणि या विसंगतीकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही.

याच पत्रात आपण विचारले आहे की असहकाराची चळवळ टिळकांच्या निधनामुळे त्या दिवशी सुरू झाली काय. तसे झाले नाही. १ ऑगस्ट हा चळवळीच्या प्रारंभाचा दिवस आधीच जाहीर झाला होता. गांधीजी त्या दिवशी मुंबईत होते. सरकारने दिलेली पदके परत करीत असल्याचे व्हाइसरॉयना लिहिलेले त्यांचे पत्रही त्याच तारखेचे आहे. त्याच दिवशी त्यांनी आणि शौकत अलींनी टिळकांच्या अंत्ययात्रेत खांदा दिला. गिरगावची चौपाटी ही काही स्मशानभूमी नव्हती, तेथे दहनासाठी सरकारची खास परवानगी घ्यावी लागली. चळवळीसाठी ठरलेला हरताळ आणि शोकाचा हरताळ मुंबईत असे एक झाले, आणि दुकान नेमके कशासाठी बंद ठेवले आहे हे त्या दिवशी कित्येक दुकानदारांनाही सांगता आले नसते. दिनविशेषात या दोन नोंदी एकाखाली एक येतात, त्यामुळे त्यांच्यात कार्यकारणाचा संबंध असावा असे वाचणाऱ्याला वाटते. रकान्याच्या मांडणीतील हा दोष आम्ही कबूल करतो.

प्रश्न (घाटकोपर) : लोकमान्यांचे निधन आपण ठळक अक्षरांत दिले आणि त्याच दिवशी, त्याच वर्षी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांची नोंद खाली बारीक टायपात घातली. हे जाणूनबुजून केले का? आणि एक गेले त्याच दिवशी दुसरे आले, या योगायोगाला आपण काही अर्थ देता का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर लाजिरवाणे आहे. जाणूनबुजून काही केले नव्हते, पण पानाची मांडणीच तशी होती. आमच्या पानावर ‘घटना’ मोठ्या अक्षरांत आणि ‘जन्म’ लहान अक्षरांत लागतात. टिळकांचा मृत्यू ही घटना म्हणून वर गेली. अण्णा भाऊंचा जन्म ही घटना होती हे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात कोणाला ठाऊक असणार होते? ते कळायला पुढची तीस-चाळीस वर्षे जावी लागली. जन्माची नोंद नेहमीच अशी मागाहून मोठी होते, आणि ती मोठी झाल्यावरही टाइप लहानच राहावा याला काही कारण नाही. पुढील वर्षीच्या अंकात ही सुधारणा केली जाईल.

योगायोगाबद्दल मात्र आमचे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. ‘एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला’ हे वाक्य १ ऑगस्टच्या सभांमध्ये आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कानांवरून नुसते घसरून जाते. अण्णा भाऊंसारख्या लेखकाला मोठे ठरवण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या मृत्यूची तारीख उसनी घ्यावी लागत नाही. त्या दोघांत खराखुरा दुवा पाहायचा असेल तर तो कॅलेंडरात शोधू नये, तो गिरणगावात सापडतो. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे एक दिवस याप्रमाणे सहा दिवस मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद ठेवले, आणि लष्कराच्या गोळीबारात त्यांच्यापैकी काहीजण मारले गेले. टिळक काही कामगारांचे पुढारी नव्हते, तरीही ज्यांना त्यांची वृत्तपत्रे वाचता येत नव्हती असे हजारो लोक त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. पुढे तीसच्या दशकाच्या आरंभी सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावाहून (आज ते सांगली जिल्ह्यात मोडते) एक मातंग कुटुंब पायी चालत मुंबईला आले, आणि त्या कुटुंबातील मुलगा, तुकाराम भाऊराव साठे, याच गिरणगावात मोठा झाला. त्याने गिरणीत काम केले, हमाली केली, मिळेल ते केले. शाळेत तो जेमतेम दीड दिवस गेला होता. अक्षरे तो मुंबईच्या भिंतींवरची पत्रके आणि दुकानांच्या पाट्या पाहत शिकला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्याने ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावच्या मैदानांवर जमणारी माणसे भाषणांइतकीच त्यांच्या लावण्या ऐकायला येत असत. १९०८ साली जे श्रोते दुसऱ्याच्या शिक्षेसाठी रस्त्यावर उतरले होते, त्यांच्याच पुढच्या पिढीला अण्णा भाऊंनी स्वतःचे दुःख स्वतःच्या बोलीत ऐकवले. हा संबंध आम्हांला तारखेच्या योगायोगापेक्षा कितीतरी अधिक मोलाचा वाटतो.

आपल्या चिरागनगराचा उल्लेख आमच्या नोंदीत राहून गेला, तोही व्हायला हवा होता. कीर्ती मिळाल्यावरही अण्णा भाऊ तेथील झोपडीतच राहत होते आणि त्यांचे बरेचसे लेखन तेथेच झाले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांचे चार रुपयांचे तिकीट काढले.

आपल्याच वस्तीतील आणखी एका पत्रात असे विचारले आहे की त्या काळच्या गरीब घरातील मुलांच्या जन्मतारखा मुळात विश्वासार्ह असतात का. प्रश्न कोणा एका व्यक्तीविषयी नाही, म्हणून उत्तरही सर्वसाधारणच देतो. जन्मतारीख घरात कोणी लिहून ठेवलेली नसे. ‘दुष्काळाच्या वर्षी’, ‘आषाढीच्या आदल्या आठवड्यात’, ‘प्लेगाच्या साथीनंतर’ अशा खुणांवर वय सांगितले जाई. मूल शाळेत घालताना मास्तर वयाचा अंदाज घेत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून दाखल्यावर १ जून असे लिहून टाकत. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहून परक्या माणसाला काही दैवी प्रकार वाटावा, इतकी ती आहे. कोणत्याही कचेरीत निवृत्तीच्या निरोपसमारंभांची मे अखेरीस जी झुंबड उडते, ती याच मास्तरांच्या कृपेने. म्हणून दिनविशेष लिहिताना आम्ही १ जूनच्या रकान्यातील जन्म फार जपून घेतो.

प्रश्न (वसई) : राणी ॲनच्या मृत्यूची तारीख आपण १ ऑगस्ट १७१४ दिली आहे. माझ्याकडील एका जुन्या कोशात ती १२ ऑगस्ट अशी आहे. अकरा दिवसांची चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाचीच नाही. वसईकरांनी हा प्रश्न विचारावा याचा आम्हांला विशेष आनंद झाला, कारण याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या गावातच आहे.

युरोपात पूर्वी ज्युलियन गणना चालत होती. तिचे वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते आणि ही मिनिटे साचत जाऊन सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचा फरक पडला होता. १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने दुरुस्ती केली आणि ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगाल हा कॅथलिक देश असल्याने त्याने ती दुरुस्ती तत्काळ मान्य केली. इंग्लंडने पोपचे ऐकायचे नाही म्हणून पावणेदोनशे वर्षे जुनीच गणना चालवली आणि शेवटी १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आणून ती सोडली. मधल्या काळात फरक दहाचा अकरा दिवसांवर गेला होता. राणी ॲन इंग्लंडच्या जुन्या गणनेने १ ऑगस्टला वारली, तेव्हा खाडीपलीकडच्या फ्रान्समध्ये १२ ऑगस्ट होता.

आता वसईकडे येऊ. चिमाजी अप्पांच्या वेढ्यानंतर वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली ती तारीख आपण १६ मे १७३९ अशी वाचतो. ही पोर्तुगीजांच्या, म्हणजे नव्या गणनेची तारीख आहे. त्याच दिवशी दक्षिणेला मुंबईच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कचेरीतील वहीवर ५ मे होता. मराठ्यांच्या छावणीत यांपैकी एकही तारीख नव्हती. तेथील पत्रांवर शके, महिना, पक्ष आणि तिथी असे, किंवा ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी चांद्र तारीख दिलेली असे, आणि त्या गणनेचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. एकाच किनाऱ्यावर, एका दिवसाच्या वाटचालीच्या अंतरात, तीन-चार कालगणना नांदत होत्या. पुढे मुंबईतील पारशी कुटुंबांच्या शहेनशाही आणि कदमी अशा दोन गणनांची भर पडली, ज्यांच्यात एका महिन्याचे अंतर आहे. त्या काळातील एखादा खोजा किंवा भाटिया व्यापारी हुंडीची मुदत मोजताना काय काय हिशेब करीत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याच कारणाने शिवजयंतीच्या तारखेसंबंधी आम्हांला दरवर्षी पत्रे येतात. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, ज्युलियन गणनेची आहे. आजच्या गणनेत तोच दिवस १ मार्च १६३० येतो. तिथीने येणारी जयंती बहुधा मार्चमध्येच का पडते, हे यावरून लक्षात येईल. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या गणनेचीच आहे. त्या समारंभाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून रायगडावर गेला होता, आणि त्याच्या कागदांतही हीच इंग्रजी गणना आहे. सरकारने १९ फेब्रुवारी आणि ६ जून या तारखा रूढ केल्या असल्याने त्या पाळण्यास काहीच हरकत नाही. फक्त ‘त्या दिवशी सूर्य आकाशात नेमका आजच्याच जागी होता’ असे भाषणात सांगू नये, कारण तो दहा अंशांच्या आसपास पुढे होता.

सगळ्याच तारखा अशा हिशेबाने सुटत नाहीत. स्वित्झर्लंडचीच नोंद घ्या. त्यांच्या १२९१ च्या सनदेवर दिवस लिहिलेलाच नाही, ‘ऑगस्टच्या आरंभी’ एवढाच उल्लेख आहे. १८९१ मध्ये सहाशेव्या वर्षाचा उत्सव करायचा ठरला, तेव्हा ‘आरंभ’ म्हणजे १ तारीख असे धरण्यात आले. पुढे तोच त्यांचा राष्ट्रीय दिन झाला. आमच्या नोंदीत ‘१ ऑगस्ट १२९१ रोजी’ असे ठाम विधान होते, त्याऐवजी ‘१ ऑगस्ट हा दिवस मानला जातो’ असे वाचावे.

प्रश्न (दादर) : मी शिक्षिका आहे. शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. ‘१८३४ : ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली’ हे आपले वाक्य मी जसेच्या तसे लिहिले. आठवीच्या एका मुलीने ‘म्हणजे मुंबईतही तेव्हाच संपली का?’ असे विचारले. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : त्या मुलीचे आमच्या वतीने कौतुक करावे. तिने आमची मोठी चूक पकडली आहे. १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आलेल्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश, सिलोन आणि सेंट हेलेना हे स्पष्टपणे वगळले होते. त्या दिवशी मुंबईत त्या कायद्याने काहीही बदलले नाही. कंपनीच्या हिंदुस्थानातील मुलुखासाठी वेगळा कायदा १८४३ मध्ये झाला, आणि त्यानेही फक्त इतकेच केले की गुलामावरील मालकीहक्क कोणत्याही न्यायालयाने मानू नये. माणूस गुलाम म्हणून बाळगणे हा फौजदारी गुन्हा ठरला तो १८६० च्या भारतीय दंडसंहितेने.

ज्या वसाहतींना १८३४ चा कायदा लागू होता तेथेही ‘संपली’ हा शब्द खरा नाही. सहा वर्षांखालील मुले लगेच मुक्त झाली. बाकीच्यांना ‘उमेदवार’ असे नवे नाव देऊन त्याच मळ्यांवर त्याच मालकांकडे बिनपगारी राबवण्यात आले. ही उमेदवारी रद्द झाली ती १ ऑगस्ट १८३८ रोजी, म्हणजे खरी मुक्ती चार वर्षांनी आली, आणि तारीख पुन्हा तीच होती. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड देण्यात आले, ते मालकांना. गुलामांना काही मिळाले नाही. फळ्यावर आता ‘१ ऑगस्ट १८३४ : ब्रिटनच्या बहुतेक वसाहतींत गुलामगिरीबंदीचा कायदा लागू, भारत वगळून’ असे लिहिता येईल. वाक्य थोडे लांब होते, पण दादरच्या शाळेतील फळ्यांना तेवढी रुंदी असते.

आपण आणखी विचारले आहे की अकरा नोंदींतून मुलांसाठी तीन निवडायच्या झाल्या तर कोणत्या. टिळक आणि अण्णा भाऊ मुंबईच्या शाळेत सोडता येणार नाहीत. तिसरी नोंद म्हणून आम्ही प्रीस्टली निवडू, कारण त्याची गोष्ट वर्गात करून दाखवता येण्याजोगी, निदान सांगता येण्याजोगी आहे. त्याने बारा इंची भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मावर पाडले, त्यातून वायू निघाला आणि त्या वायूत मेणबत्ती नेहमीपेक्षा कितीतरी प्रखर जळाली. हा वायू नेमका काय आहे हे त्याला त्या दिवशी कळले नाही, पुढच्या वर्षी थोडे कळले आणि तरीही पूर्ण नाही. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तोच वायू आधीच मिळवला होता, पण त्याचे पुस्तक उशिरा छापले गेले. वायूचा अर्थ लावला आणि त्याला नाव दिले ते लाव्हाझिएने. आता हा शोध कोणत्या तारखेला लागला असे म्हणायचे, यावर आठवीचा वर्ग एक तास सहज वाद घालू शकेल. १९१४ चे युद्ध आणि बर्लिन ऑलिंपिक त्यांच्या पाठ्यपुस्तकांत कोठे ना कोठे येतातच.

प्रश्न (लालबाग) : मीनाकुमारीचा जन्म १९३२ चा की १९३३ चा? आणि भगवानदादांना एका ओळीत का गुंडाळले?

उत्तर : मीनाकुमारीचे जन्मवर्ष दोन्ही प्रकारे छापलेले आढळते. आम्ही अधिक प्रचलित असलेले १९३३ घेतले. ३१ मार्च १९७२ रोजी तिचे निधन झाले, त्यामुळे मृत्यूसमयी वय अडतीस की एकोणचाळीस एवढाच फरक पडतो. जन्म मुंबईचा आणि तारीख १ ऑगस्ट, यांवर मतभेद नाही.

भगवानदादांबद्दलची तक्रार योग्य आहे. भगवान आबाजी पालव यांचा जन्म अमरावतीचा असला, तरी घडण सर्वस्वी मुंबईची आहे. वडील गिरणी कामगार होते, बालपण दादर-परळच्या चाळींत गेले आणि तरुणपणी स्वतःही त्यांनी मजुरी केली. मूकपटांच्या काळापासून ते पडद्यावर होते. पन्नासच्या दशकात यश आले तेव्हा जुहूला बंगला आणि दारात मोटारी होत्या, आणि पैसा गेल्यावर ते दादरच्या चाळीतील खोलीत परत आले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. खांदे किंचित उडवीत, पाय फार न उचलता नाचण्याची त्यांची ढब आपल्या लालबागच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत दरवर्षी दिसते. नाचणाऱ्यांपैकी अनेकांना ती कोणाची हे माहीतही नसते. एवढे भाग्य फार थोड्या नटांच्या वाट्याला येते, आणि आम्ही त्यांना खरोखरच एका ओळीत गुंडाळले होते.

प्रश्न (ठाणे) : महसूल दिन कसा विसरलात?

उत्तर : विसरलो, हे खरे. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले जाते, पण जमिनीचा हिशेब पिकाच्या चक्राशी बांधलेला असतो. खरिपाची पेरणी झाली की गावाच्या वह्या नव्याने सुरू होतात. तलाठ्याच्या दृष्टीने १ ऑगस्ट हाच पाडवा. पुढील वर्षी ही बारावी नोंद असेल.

प्रश्न (परळ) : परदेशी कपड्यांची मोठी होळी परळला टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीला झाली, असे आमच्या चाळीच्या स्मरणिकेत छापले आहे. आपल्या १ ऑगस्टच्या रकान्यात ती का नाही?

उत्तर : कारण ती आदल्या दिवशी झाली. एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, उमर सोबानी यांच्या जागेत, गांधीजींनी परदेशी कापडाच्या ढिगाला अग्नी दिला तो दिवस ३१ जुलै १९२१, रविवार होता. पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येला असे स्मरणिकेत दुरुस्त करून घ्यावे. सोबानी स्वतः गिरणीमालक होते आणि स्वदेशीच्या या कामासाठी त्यांनी आपलेच आवार दिले, हेही त्यात घालता येईल. आमच्याकडे ही नोंद ३१ जुलैच्या रकान्यात, त्याच पानावर डावीकडे, तळाशी आहे.